गाडीचा सांगाडा आणि आपली बैठक

गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेटवर बोटं वाजवतो, मग दार उघडून दाणकन लावतो. आवाज भरदार आला की गाडी दणकट, पत्रा बोटाने दबला की गाडी कच्ची, असा निवाडा जागेवरच होतो. या दोन्ही परीक्षा निरुपयोगी आहेत. बाहेरचा पत्रा आतल्या माणसांना वाचवण्यासाठी बसवलेला नसतोच. त्यांना वाचवतो तो आतला पोलादी सांगाडा, आणि तोही एका अटीवर: तुम्ही ठरल्या जागी, ठरल्या तऱ्हेने, पट्टा बांधून बसलेले असाल तर. गाडी आखताना तुमच्या डोक्याची उंची, छातीचं स्टिअरिंगपासूनचं अंतर, पट्टा कुठल्या हाडावर येणार हे सगळं गृहीत धरलेलं असतं. त्या गृहीतकाबाहेर बसलात तर पंचवीस लाखांची गाडीही फारसं काही करू शकत नाही.

ताशी ६४ किलोमीटर हा वेग आपल्याला किरकोळ वाटतो. पण त्या वेगाने आदळणं म्हणजे सुमारे १६ मीटरवरून, पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणं. आदळताना गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला आणि आतला माणूस तेवढ्याच अंतरात थांबला, तर त्याच्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या सत्तावीस पट जोर येतो. थांबायला अंतर निम्मं मिळालं तर जोर दुप्पट. सगळी विद्या हे अंतर वाढवण्याची आहे. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांनी ते ओळखलं आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा, मधला मात्र न चेपणारा, अशी रचना मांडली. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष गाडीत आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टाही आला. आज आपण वापरतो तो हाच.

म्हणून अपघातग्रस्त गाडीचा फोटो बघताना नाकाचा चेंदामेंदा झालाय का, हे बघू नका. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब सरळ आहेत का, छत दुमडलंय का, पुढचं दार उघडतंय का, ते बघा. नाक चपटं होऊन दार सहज उघडत असेल, तर गाडीने आपलं काम केलं.

शोरूममध्ये जाण्याआधी

२०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅपची चाचणी सुरू झाली. तिचं कामकाज पुण्याची सीआयआरटी ही संस्था बघते. कायद्याने सक्तीची समोरची धडक ताशी ५६ किलोमीटरची आहे. इथे ती ६४ ला होते, आणि गाडीचा फक्त चाळीस टक्के भाग अडथळ्यावर आदळतो. समोरून येणारी गाडी अर्धी चुकवताना होते तशी ही धडक. बाजूने ताशी ५० किलोमीटरने धडक दिली जाते, आणि खांबावर आडवं आदळण्याची चाचणी ताशी २९ ला होते.

जाहिरातीतले तारे मोजून थांबू नका, अहवाल उघडा. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण असतात, आणि दोन्हींचे तारे वेगळे. पाच तारे मिळायला मोठ्यांचे किमान २७ आणि मुलांचे ४१ गुण लागतात. घरात लहान मूल असेल तर मुलांचा आकडा आधी वाचा. मग चाचणीच्या पुतळ्याचं रंगीत चित्र बघा. हिरवा म्हणजे चांगलं संरक्षण. छातीवर किंवा मांडीवर तपकिरी-लाल दिसला तर एकूण तारे कितीही असोत, विचार करा. शेवटी, हे तारे कोणत्या व्हेरिएंटना लागू आहेत ते तपासा. आणखी एक: ठरावीक अडथळ्यावर आदळवून मिळवलेले तारे साधारण सारख्याच वजनाच्या गाड्यांमध्ये तुलना करण्यापुरते खरे. छोट्या गाडीचे पाच आणि मोठ्या एसयूव्हीचे पाच समोरासमोरच्या धडकेत सारखे नसतात.

सेल्समनला विचारायचे प्रश्न थोडे आहेत, पण उत्तर त्याच व्हेरिएंटच्या छापील माहितीपत्रकात बोट ठेवून दाखवायला सांगा. पडदा एअरबॅग, म्हणजे बाजूच्या खिडक्यांवर उघडणाऱ्या, आहेत का? ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, आहे का? मागे मधल्या माणसालाही तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्याला टेकू आहे का? मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक आहेत का? सनरूफसाठी वरचं व्हेरिएंट घेणारे पुष्कळ भेटतात. मधल्या माणसाच्या पट्ट्यासाठी घेणारे वाढायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पट्टा आणि बसण्याची पद्धत

इथे घाई करू नका. सगळ्यात मोठा फायदा याच पाच मिनिटांत आहे आणि तो फुकट आहे.

आधी सीट. पाठ जवळजवळ सरळ ठेवा. रेलून बसलात तर धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि कमरेचा पट्टा पोटात घुसतो. स्टिअरिंगचा मध्य आणि छातीचं हाड यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि फुगताना अगदी जवळ असलेल्याला तीच इजा करते. उंची कमी असलेल्यांनी पुढे सरकण्याऐवजी सीट वर घ्यावी, स्टिअरिंग खाली झुकवावं. डोक्याच्या टेकूची वरची कड डोक्याच्या टोकाइतकी वर हवी आणि डोकं टेकूच्या जवळ. मानेपाशी ठेवलेला टेकू मागून धडक बसल्यावर मान वाचवत नाही.

मग पट्टा. खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर, मांड्यांच्या सांध्यालगत हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा आणि वरचा भाग पोटाच्या बाजूने, स्तनांच्या मधून. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जायला हवा. मानेला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरची सरकपट्टी खाली करा. काखेतून मात्र कधीच घेऊ नका, फासळ्या मोडतात. लावल्यावर सैलपणा ओढून काढा. चांगल्या गाड्यांत धडकेच्या क्षणी एक छोटा स्फोटक तुकडा पट्टा आवळतो आणि नंतर छातीवरचा जोर ठरावीक मर्यादेवर गेला की तोच पट्टा थोडा सैल सुटतो. पण सैलपणात गेलेले इंच कुठलीही यंत्रणा पूर्ण परत आणत नाही.

मागच्या सीटवरही हेच. कायद्याने तिथेही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे, पण दंड हे कारण नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण अपघातांत गेले. त्यांतले ८,३३१ चालक नव्हे, प्रवासी होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडीत पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. शिवाय मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही चिरडतो.

मांडीवरच्या बाळालाही वरचं सत्तावीस पटीचं गणित लागू होतं: दहा किलोचं बाळ त्या धडकेत सरासरी २७० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. जगातली कुठलीही आई ते धरू शकत नाही. तान्ह्याला मागे तोंड करून बसवायच्या सीटमध्ये, मागच्या बाकावर बसवा. अशी सीट चालू एअरबॅगच्या समोर, पुढच्या सीटवर, कधीही ठेवू नका.

काय बसवायचं नाही

एअरबॅग असलेल्या डॅशबोर्डच्या झाकणावर गणपती किंवा अत्तराची बाटली चिकटवू नका. झाकण फाटून एअरबॅग बाहेर येते तेव्हा ती वस्तू थेट तोंडावर येते. देव बाजूला, मधल्या भागात बसवा. सीटच्या कडेला 'एअरबॅग' अशी पट्टी शिवलेली असेल, तर त्यावरून सरसकट कव्हर चढवू नका. कव्हर घ्यायचंच तर त्या एअरबॅगसाठी शिवण सोडलेलं घ्या. पट्ट्याचा गजर बंद करणाऱ्या नकली क्लिपांची ऑनलाइन विक्री केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये थांबवायला लावली. घरात पडलेली असेल तर मोडून टाका.

आणि बुल गार्ड. हा मला सगळ्यात जास्त सलतो, कारण तो आपल्यालाही मारतो आणि रस्त्यावरच्यालाही. नाकापुढे लोखंडी चौकट आली की जोर ठरलेल्या मार्गाने सांगाड्यात जात नाही, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

बाहेरचा माणूस

२०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी मेले, रस्त्यांवरच्या एकूण मृत्यूंच्या जवळपास पाचवा भाग. गाडीच्या नाकाची रचना त्यांच्यासाठीही केलेली असते, हे कमी लोकांना ठाऊक असतं. बंपर आधी पायाला लागतो, पाय सरकतात, कंबर बॉनेटच्या कडेवर येते आणि डोकं बॉनेटवर किंवा काचेच्या खालच्या कडेवर आपटतं. म्हणून बंपरमागे फोम असतो, आणि खालच्या बाजूला एक आधार असतो, गुडघा आडवा वाकू नये म्हणून.

एकदा स्वतः बॉनेट उघडून बघा. आतल्या बाजूला भोकांची पातळ जाळी आहे. इंजिनच्या माथ्याचं टोक आणि बॉनेट यांत मोकळी जागा ठेवलेली आहे. हे पातळ बॉनेट म्हणजे काटकसर वाटते, पण ते दबावं म्हणूनच तसं आहे. त्याखाली लगेच कडक इंजिन लागलं तर डोकं फुटतं. ज्या पत्र्याला आपण बोटाने दाबून नावं ठेवतो, त्याचं काम हे आहे. काही महागड्या गाड्यांत धडकेच्या क्षणी बॉनेटची मागची बाजू आपोआप वर उचलली जाते, जागा आणखी वाढावी म्हणून. आपल्याकडे पादचाऱ्यांसाठीचा एआयएस-१०० हा निकष २०१८ मध्ये नव्या मॉडेलना आणि २०२० मध्ये सगळ्यांना लागू झाला. भारत एनकॅपच्या २०२३ च्या नियमावलीत तीन तारे मिळवायलाही तो लागतो, पण त्याला वेगळे गुण नाहीत. म्हणून अहवालात पादचाऱ्यांबद्दल फार काही सापडणार नाही. गाडी निवडताना पादचाऱ्याला ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे का, ते विचारा. असेल तर पुढच्या काचेवरचा तिचा कॅमेरा आणि बंपरमागचा रडार स्टिकरने किंवा गार्डने झाकू नका.

या सगळ्या रचनेला वेगाची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, धडकेचा वेग ताशी ५० वरून ६५ ला गेला की पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. शाळा, बाजार, एसटी स्टँड यांच्या आसपास पंधरा किलोमीटर कमी करणं हे त्या मऊ बॉनेटपेक्षा मोठं काम करतं.

अपघातानंतर

डेंटिंग-पेंटिंग करून गाडी नवी दिसते, पण सांगाड्याची एकदा चेपलेली लांब तुळई फक्त ओढून सरळ केली असेल तर पुढच्या वेळी ती ठरल्यासारखी चेपत नाही. जुनी गाडी घेताना बॉनेटखालच्या एप्रनवर वेगळी वेल्डिंग, रंगाचा फरक, कंपनीच्या वेल्डिंगचे मोडलेले डाग बघा. एअरबॅग फुटली असेल किंवा पट्टा एकदा धडकेत आवळला गेला असेल, तर तो पट्टा बदलूनच घ्या. पुन्हा आवळला जात नाही. पुढची काच बदलली असेल तर चिकटवायचा गोंद पूर्ण सुकेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. बाजूच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना त्या काचेला टेकते, आणि काच सुटली तर एअरबॅगही मागे टेकू न मिळाल्याने बाहेर जाते. किती तास लागतील ते काच बसवणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्या.