आधी परतीची वाट

परवा फोनवर तू गळाच्या काठीची किंमत सांगितलीस, रिळाचा रंग सांगितलास, पाण्याखालचं दाखवणारा चष्मा कुठून मागवला तेही सांगितलंस. ज्या दिवशी तू रत्नागिरीच्या खाडीत उतरणार, त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, हे मात्र तुला माहीत नव्हतं. म्हणून हे लिहून पाठवते. घडी घालून खिशात ठेव. मोबाइल खाऱ्या पाण्यात पडला की गेला, कागद उन्हात वाळवता येतो.

आपण कोरेगावची माणसं. आपलं पाणी म्हणजे तीळगंगा आणि वसना, उन्हाळ्यात घोटाभर. फार तर माहुलीच्या पुलाखालची कृष्णा. मी रत्नागिरीला शाळेत नोकरीला लागले तेव्हा मलाही वाटलं होतं, पाण्यात उतरायला मला कोण शिकवणार? तुझ्या आजोबांनी मला माहुलीला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलेलं होतं. पण नदी एकाच दिशेनं वाहते. धारेला अंगाची कड द्यायची, काठीचा तिसरा पाय करायचा, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, एवढं जमलं की नदीत भागतं. खाडीचं तसं नाही. ती दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते, आणि कुठल्या क्षणी फिरली ते उभ्या माणसाला कळत नाही.

काजळी नदी समुद्राला मिळते तिथं, भाट्याच्या पुलापाशी, ओहोटीला वाळूचे आणि गाळाचे पट्टे उघडे पडतात. वरून बघितलं तर क्रिकेट खेळावं असं मैदान. पहिल्याच वर्षी मी तिसऱ्या काढणाऱ्या बायकांबरोबर गेले आणि थोड्या वेळानं, आपल्याला समजलं या खुशीत, एकटीच पुढं सरकले. समोरचं पाणी लांब होतं, शांत होतं. मी समोर बघत होते. पाणी मागून आलं. सपाट दिसणाऱ्या त्या वाळूत एखादी पन्हळ असते, डोळ्याला न जाणवणारी. भरती आधी तिच्यात शिरते आणि तू उभा असतोस त्या उंचवट्याचं बेट करून टाकते. जाताना घोट्याला लागलेली पन्हळ परतताना माझ्या छातीला लागली. एका मावशीनं हाक मारली, नुसती मारली नाही, शिव्या घालत मारली, म्हणून आज हे लिहायला मी आहे. पुढची सव्वीस वर्षं मी त्यांच्याच पावलात पाऊल टाकत चालले. तुलाही त्यांच्याकडेच पाठवते आहे.

तर पहिली गोष्ट वेळेची. आपल्याकडं पंचांग निघतं ते लग्नाला आणि वास्तुशांतीला. किनाऱ्यावर ते रोज लागतं. तिथीला पाऊणानं गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिच्यापासून सहा तासांवर, नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढं जाते, त्याचंच हे गणित. मात्र हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळं रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. मुंबईचा तक्ता मोबाइलवर बघून रत्नागिरीच्या खाडीत उतरणारे शहाणे मी पाहिलेत. रत्नागिरीचाच तक्ता बघ, पाऊणपटीनं ताडून बघ, आणि शेवटी मावशी म्हणतील ते खरं मान.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि नंतरचे एकदोन दिवस, उधाण असतं. पाणी खूप चढतं तसं खूप उतरतंही, लांबवर जमीन उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. नवख्यानं उधाणाच्या ऐन दिवशी जाऊ नये असं माझं मत. मावशी हसतात या मतावर.

आता पाणी चढतं कसं ते समजून घे, कारण इथंच माणूस फसतो. भरतीचे सहा तास धर आणि एकूण चढणारं पाणी बारा आणे धर. पहिल्या तासात एक आणा चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे ओहोटी संपून पहिला तासभर तुला वाटेल की काहीच होत नाहीये. तासानंतर परत बघशील तेव्हा गुडघा भिजलेला असेल, आणि तिसरा-चौथा तास तर अंगावरच येतो. ‘अजून दहा मिनिटं’ असं तुला ज्या वेळी वाटेल, ती निघायची वेळ.

आणि गंमत अशी की मासाही नेमका त्याच पाण्यातून येतो. उघड्या पडलेल्या गाळात किडे, बारके खेकडे, कोळंबीची पिल्लं असतात. भरतीचं पहिलं पाणी पसरायला लागलं की बोय थव्यानं आत शिरतात, वाळूच्या कडेला मुडदुशी येते, त्यांच्या मागं मोठे मासे. ज्या पाण्याला तू भ्यायला हवंस त्याचीच वाट बघत तू उभा असणार. त्यामुळं मासेमारीच्या आधी परतीची वाट. उतरताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा डोळ्यांत धर, एक जवळची, एक लांबची. एखादा माड आणि त्याच्या मागचं पांढरं घर. दोन्ही एका रेषेत दिसली की तू आलेल्या वाटेवर आहेस. वाटेतली प्रत्येक पन्हळ काठीनं मापून घे आणि मनात मोज. तीन ओलांडल्यास तर तीन ओलांडायच्या आहेत. धुकं उतरलं किंवा खुणा दिसेनाशा झाल्या तर मासा लागलेला असला तरी दोरी तोड आणि फिर.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकम बे नावाची अशीच उथळ खाडी आहे, मैलोगणती वाळूची. तिथून माणसांना पार नेण्यासाठी सोळाव्या शतकापासून राजघराण्याच्या नावानं वाटाड्या नेमलेला असतो. सेड्रिक रॉबिन्सन नावाच्या गृहस्थांनी ते काम १९६३ पासून २०१९ पर्यंत केलं, वर्षाला पंधरा पौंड पगारावर. वाळू रोज सरकते म्हणून आधी जाऊन झाडाच्या डहाळ्या रोवून ते वाट आखायचे. त्याच खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिसऱ्यांसारखे शिंपले गोळा करायला उतरलेले चिनी मजूर भरतीत सापडले. निदान २१ जण बुडाले. वाट माहीत असलेलं कुणी बरोबर नव्हतं, आणि अंधार होता. मी शाळेत ही बातमी मुलांना वाचून दाखवली, तर मागच्या बाकावरची, मासेमारी करणाऱ्या दालद्यांची पोरं म्हणाली, ‘बाई, रात्री कशाला उतरले?’

पायांचं. चप्पल घालून जाऊ नकोस, गाळ पहिल्या पावलाला ती ठेवून घेतो. अनवाणीही नको, कालवांची कड पत्र्यासारखी कापते. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधलेले. वाळूवर लाटांच्या रेघा उठलेल्या दिसल्या तर बहुतेक पाय धरते. गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चकचकीत जागा दिसली की आधी काठी. तरी रुतलासच तर एक पाय सरळ वर ओढायला जाऊ नकोस. दुसरा आणखी खाली जातो. मागं बस, अंग पसर, टाच गोल फिरवून पायाभोवती पाणी शिरू दे, मग हळूच सोडव. कपड्यांची काळजी त्या वेळी करू नये.

आणि पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही. घासत, सरकवत चालायचं, नवी नवरी उंबऱ्याशी चालते तसं. वाळूत पाकट पसरून बसलेलं असतं, अंगावर वाळू ओढून. त्याला पायाचा धक्का लागला की ते निघून जातं. वरून पाय पडला तर शेपटीचा करवतीसारखा काटा घोट्यात बसतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात हौशी लोकांना हेच शिकवतात, पैसे घेऊन. मावशींनी मला फुकट शिकवलं. काटा लागलाच तर जखम धुवायची आणि सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय तास-दीड तास ठेवायचा. त्या विषाचा जोर उष्णतेनं मोडतो. पाणी दुसऱ्याच्या हातानं तपासून घ्यायचं, कारण दुखणाऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. मग दवाखाना, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. शिंगाळा गळाला लागला तर त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांनाही हाच उपाय. तुला साखर आहे, म्हणून साधा ओरखडाही गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय घरी जायचं नाही.

गळाचं मी काय सांगणार? तुझ्या पुस्तकात असेल. ऊन पाठीशी घेतलं तर पाण्यात दिसतं खरं, पण तुझी सावली माशावर पडू देऊ नकोस. आमिष माशाच्या अंगावर टाकायचं नाही, त्याच्या वाटेत पुढं टाकायचं. आणि पाणी खळखळवत चालणाऱ्याला बोय कधी मिळत नाही. मावशींचा मुलगा पाग टाकतो तो बघ. शिशाच्या मण्यांची कड दातात धरतो, कंबर वळवतो आणि जाळं ताटासारखं गोल पडतं. मागून बघून हात शिवशिवेल. मागू नकोस. त्याला वाटलं तर तो स्वतः देईल, मला चौथ्या वर्षी दिलं. माझं पहिलं जाळं भाकरीच्या गोळ्यासारखं पडलं.

आता वाटाड्याशी वागायचं कसं. पैसे आदल्या दिवशीच बोलून घे, खाडीत घासाघीस नको. त्यांना ‘मावशी’ म्हण, ‘गाईड’ म्हणू नकोस. ‘आज किती मिळतील?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नकोस; शेतकऱ्याला पेरताना कुणी पोती विचारतं का? त्या थांबल्या की थांब. त्या ‘चल’ म्हणाल्या की तोंडातलं वाक्यही पुरं न करता चल. बारक्या तिसऱ्या परत टाकतात, तशा तूही टाक. त्या कुठं नेतात ती जागा मित्रांना नकाशावर पाठवू नकोस, ते त्यांचं शेत आहे. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. आपल्याकडचा वाघ्या घेवडा दोन किलो ने. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे सांगायची गरज नाही, त्यांना तो आधीपासून आवडतो.

कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघ; घाट दिवसाउजेडी उतर. खाडीत सकाळी साडेसहाला उतरायचं आहे, ते पाणी फिरेपर्यंतच. पाऊणपटीनं त्या दिवशी ओहोटी नऊची येते, पण मावशी सव्वाआठ म्हणाल्या आहेत.

त्यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल की तू नेमकी संकष्टी निवडली आहेस. मावशींच्या घरी त्या दिवशी मासा शिजत नाही. तिसऱ्यांचं सुकं खायचं असेल तर मुक्काम एक दिवस वाढव.