मागची बाल्कनी घ्यावी का?

महागावहून यवतमाळला एस.टी.च्या शेवटच्या सीटवर बसून गेलेल्यांना हा धडा निम्मा पाठ आहे. आई-बाबांसाठी मुंबई-गोवा क्रूझची चौकशी करताना मला तीच सीट आठवली.

जहाजाच्या अगदी मागे बाल्कनीची खोली मिळाली तर मजा आहे, हे खरं. समोरचा वारा अडतो. जहाजाने पाण्यावर सोडलेला पांढरा पट्टा दिसतो. संध्याकाळी मुंबईहून दक्षिणेकडे निघालो की आपलं तोंड उत्तरेला. डाव्या हाताला सूर्यास्त.

आता गणित करू. लाटांवर जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे डोलतं, त्याला पिचिंग म्हणतात. समजा, २०० मीटर लांबीचं जहाज मध्याभोवती १ अंश कललं. मागचं टोक १०० × साइन १°, म्हणजे सुमारे १.७५ मीटर वर किंवा खाली जाईल. मध्यापासून १० मीटरवरची खोली मात्र फक्त १७ सेंटिमीटर! शिवाय प्रोपेलर मागेच. चार पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८ हादरे.

बाबांना मागची बाल्कनीच हवी होती. पण आईला एस.टी.सुद्धा लागते. मी हे गणित त्यांना कागदावर मांडून दाखवलं. शेवटी मधली, खालच्या मजल्यावरची खोली ठरली. मागचा देखावा काय, डेकवर जाऊनही बघता येतो.

म्हणून खोली निवडताना आधी सोबतचा माणूस बघा, मग देखावा.