अंगावर घालायचं यान

स्पेससूट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एक जाडजूड पांढरा पोशाख, पाठीवर दप्तर आणि डोक्यावर काचेची हंडी! पण खरं सांगायचं तर स्पेससूट हा कपडा नाहीच. ते एका माणसाच्या मापाचं यान आहे. त्यात हवा आहे, पाणी आहे, पंखा, पंप, बॅटरी, रेडिओ, सगळं आहे.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थर्मोडायनामिक्स, फ्लुइड्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स हे विषय आपण तीन वेगळ्या वह्यांमध्ये शिकतो. स्पेससूटबद्दल वाचताना ते तिन्ही मला एकाच ठिकाणी भेटले. शाळा कॉन्व्हेंट असल्यामुळे मी हे सगळं इंग्लिशमधून वाचलं. पण मराठीत मांडताना ते जास्त नीट समजलं, म्हणून हा लेख.

दाब नसेल तर काय होतं?

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे शरीराच्या दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ १ किलोचं ओझं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो. अंतराळात हा बाहेरचा दाब शून्य! आता आपल्याला माहीतच आहे की दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाला, पाणी उकळायला फक्त ६.३ किलोपास्कलपर्यंत दाब उतरावा लागतो.

सिनेमात दाखवतात तसा माणूस फुग्यासारखा फुटत नाही. रक्तवाहिन्यांचा स्वतःचा दाब असतो, त्यामुळे रक्तही लगेच उकळत नाही. पण जिभेवरचं, डोळ्यांवरचं उघडं पाणी मात्र उकळतं. १९६६ साली ह्यूस्टनच्या निर्वात चेंबरमध्ये जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या सूटची नळी चाचणीच्या वेळी सुटली. सुमारे १४ सेकंदांत तो बेशुद्ध पडला. लगेच हवा सोडल्यामुळे तो वाचला. त्याला शेवटचं आठवत होतं ते जिभेवरच्या लाळेचे बुडबुडे!

मग सूटमध्ये पूर्ण १०१ किलोपास्कल का भरत नाहीत?

हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर आहे हालचालीत. हवा गच्च भरलेली सायकलची ट्यूब वाकवून बघा. सूटमध्येही कोपर किंवा बोट वाकवलं की आतलं आकारमान कमी होतं, म्हणजे दर वेळी दाबाविरुद्ध कार्य करावं लागतं. दाब जास्त, तर मेहनत जास्त. म्हणून नासाच्या सूटमध्ये फक्त ३० किलोपास्कलच्या आसपास दाब ठेवतात, पण तो सगळा शुद्ध ऑक्सिजनचा.

हिशोब बघा. फुप्फुसात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून साधारण १२ किलोपास्कल जागा अडवतातच. ३० मधून १२ गेले, उरले १८. पृथ्वीवर आपल्या फुप्फुसात ऑक्सिजनचा वाटा साधारण १३ किलोपास्कल असतो. म्हणजे एकतृतीयांशापेक्षाही कमी दाबात श्वासाचं काम आरामात भागतं.

पण यातही एक गोम आहे. स्पेस स्टेशनमध्ये दाब पृथ्वीइतकाच असतो. तिथून एकदम कमी दाबात गेलं तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर येतो. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की काय होतं, आठवा! म्हणून बाहेर पडण्यापूर्वी अंतराळवीर बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन शरीरातला नायट्रोजन काढून टाकतात.

दाब आणि हालचाल यांचं भांडण पहिल्याच स्पेसवॉकला दिसलं. १८ मार्च १९६५ ला सोविएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह १२ मिनिटं यानाबाहेर होता. त्याचा सूट इतका फुगला की हात ग्लोव्हजमधून मागे सरकले आणि त्याला नीट आत शिरता येईना. शेवटी त्याने व्हॉल्व्ह उघडून सूटमधला दाब कमी केला आणि कसाबसा आत आला. आजच्या सूटमध्ये सांध्यांना चुण्या आणि बेअरिंग्ज असतात, म्हणजे वाकताना आकारमान फारसं बदलत नाही.

थंडी नव्हे, उकाडा!

अंतराळ थंड असतं, मग सूटमध्ये हीटर हवा ना? बोटांच्या टोकांना हीटर असतोही. पण मोठा प्रश्न उलटा आहे. निर्वातात कंडक्शन नाही, कन्व्हेक्शन नाही. सूटच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा दिलेल्या मायलरचे पातळ पडदे असतात, ते रेडिएशनही अडवतात. म्हणजे माणूस थर्मासमध्ये बसल्यासारखा! काम करताना शरीर काही शे वॉट उष्णता तयार करतं, ती जाणार कुठे?

यासाठी अंगालगत एक घट्ट पोशाख असतो. त्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या विणलेल्या असतात आणि त्यांतून थंड पाणी फिरतं. ते पाणी पाठीवरच्या पेटीत जाऊन थंड होतं. तिथे एका सच्छिद्र पत्र्यावर वेगळं पाणी निर्वातात सोडतात. ते गोठतं, आणि त्या बर्फाची थेट वाफ होताना उष्णता घेऊन जाते. आपल्या माठाचंच तत्त्व, फक्त मध्ये बर्फाची एक पायरी वाढली!

सगळ्यात बाहेरचा थर केव्हलार आणि नोमेक्ससारख्या धाग्यांचा असतो. सूक्ष्म उल्का आणि कचऱ्याचे कण सेकंदाला काही किलोमीटर वेगाने येतात, त्यांचा मार तो झेलतो. हेल्मेटवरच्या काचेला सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो प्रखर ऊन परतवतो. आणि हो, अपोलोचे सूट शिवले होते अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी! एक मिलिमीटर टाका चुकला तरी चालत नसे. इंजिनिअरिंग फक्त लेथवर होतं असं नाही.

दोन धडे

३० जून १९७१. सोयुझ-११ परतताना एक व्हॉल्व्ह अवेळी उघडला आणि यानातली हवा निघून गेली. डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघंही गेले. यानात तिघांना बसवायचं म्हणून सूटला जागाच ठेवली नव्हती. त्यानंतर सोयुझमध्ये सूट सक्तीचा झाला. १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा गेले तेव्हा त्यांच्या अंगात याच अपघातानंतर बनवलेल्या सोकोल जातीचा सूट होता.

दुसरा धडा १६ जुलै २०१३ चा. इटलीचा लुका पार्मितानो बाहेर काम करत असताना त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी साचायला लागलं. वजनरहित अवस्थेत पाणी खाली पडत नाही, पृष्ठताणामुळे चेहऱ्याला चिकटतं. डोळे आणि नाक झाकले गेले. तो जवळजवळ न बघता, सेफ्टी केबलच्या अंदाजाने एअरलॉकपर्यंत परतला. सुमारे दीड लिटर पाणी निघालं! पाणी वेगळं करणाऱ्या भागातली बारीक छिद्रं बुजली होती.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. एक आठवडा आधीच्या स्पेसवॉकनंतरही त्याच सूटच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. तेव्हा 'प्यायच्या पाण्याची पिशवी गळाली असेल' असं म्हणून विषय संपवला गेला. नंतर हेल्मेटमध्ये पाणी शोषणारं पॅड आणि श्वासासाठी एक साधी नळी बसवली. उपाय सोपा होता, प्रश्न वेळेवर विचारायला हवा होता.

उद्या आपल्यातलं कोणी बॉयलर बघेल, कोणी लिफ्ट, कोणी पूल. तिथेही कधीतरी थोडंसं पाणी गळेल, थोडासा आवाज येईल आणि कोणीतरी म्हणेल, 'असं होतंच असतं.' तेव्हा आपण एवढंच विचारायचं : "असेल, पण बघितलं का कोणी?"