काशीच्या गल्लीत अडकलेले शेवटचे पाच किलोमीटर

नकाशावाचनाच्या तासाला आम्हांला या सत्रात एक गृहपाठ मिळाला होता. स्वतः केलेला एक प्रवास निवडायचा, त्याचे टप्पे कागदावर मांडायचे आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहायचे. बहुतेकांनी घर ते शाळा हा प्रवास घेतला. मी दिवाळीच्या सुट्टीत आजीबरोबर केलेला काशीचा प्रवास घेतला, कारण तो माझ्या डोक्यातून जात नव्हता.

नाशिकरोडहून वाराणसी कॅंट स्टेशनपर्यंतचे तेराशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर आम्ही साधारण एका दिवसात, झोपून आणि डबा खाऊन पार केले. तिथून ब्रह्मघाट पाच किलोमीटरसुद्धा नाही. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतला जुना मराठी वस्तीचा भाग, आणि आजीचे मावसभाऊ तिथे राहतात. स्टेशनबाहेर आम्ही बॅटरी रिक्षा केली. ती गर्दीतून रखडत मैदागिनच्या चौकापर्यंत गेली. त्यापुढे वाहनांना बंदी होती. उरलेले अंतर पायी. एका खांद्यावर माझी सॅक, हातात आजीची बॅग, समोर गाई, मोटारसायकली आणि माणसे. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. तीन ठिकाणी ती लोकांच्या ओट्यावर बसली. घरी पोचलो तेव्हा स्टेशन सोडून सव्वा तास झाला होता. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठू शकली नाही. ज्या विश्वेश्वराच्या दर्शनासाठी ती आली होती, ते तिला तिसऱ्या दिवशी घडले.

आमच्या रूट मार्चमध्ये पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण सार्वजनिक वाहतूक ही कॅडेटच्या पायांवर मोजायची नसते, आजीच्या पायांवर मोजायची असते, हे मला त्या दिवशी कळले.

वाराणसीत वाहतुकीची साधने कमी आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. एका शहरात कॅंट, बनारस (2021 पर्यंत याचे नाव मंडुआडीह होते), वाराणसी सिटी आणि काशी अशी चार मोठी स्टेशने आहेत. गंगेपलीकडे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे पूर्वीचे मुघलसराय, आहे. मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या वाराणसीत न शिरता तिथूनच पुढे जातात. नवी दिल्ली ते वाराणसी ही देशातली पहिली वंदे भारत गाडी 15 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली. बाबतपूरला विमानतळ आहे. रामनगरला गंगेवर मालवाहतुकीचे टर्मिनल आहे. कोलकात्याहून कंटेनर घेऊन आलेल्या जहाजाचे तिथे नोव्हेंबर 2018 मध्ये स्वागत झाले. आणि चौऱ्याऐंशी घाटांवर नावा आहेतच.

मग अडते कुठे? प्रत्येक साधन वेगळे चालते, तिथे अडते. स्टेशन एका खात्याचे, बस दुसऱ्याची, रिक्षा तिसऱ्याची, नाव चौथ्याची. प्रवासी मात्र एकच असतो, आणि दोन साधनांच्या मधले अंतर त्यालाच चालावे लागते.

इथे थोडे गणित सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. दर वीस मिनिटांनी बस सुटत असेल आणि आपण वेळ न पाहता थांब्यावर गेलो, तर सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. दोन फेऱ्यांमधल्या वेळाच्या निम्मे. प्रवासात दोनदा गाडी बदलायची असेल आणि प्रत्येक गाडी वीस मिनिटांनी असेल, तर वीस मिनिटे नुसती उभे राहण्यात जातात, शिवाय चालणे वेगळे. म्हणून बस जास्त वेगाने पळवण्यापेक्षा ती जास्त वेळा सोडणे, किंवा रेल्वे येण्याच्या वेळेशी तिची वेळ जुळवणे, याने प्रवासी लवकर पोचतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने 1965 मध्येच रेल्वे, बस आणि बोट या सगळ्यांसाठी एक संघटना, एक तिकीट आणि जुळवलेले वेळापत्रक केले. झुरिकने 1990 मध्ये तसेच केले. आपल्याकडे 2019 च्या मार्चमध्ये सगळीकडे चालावे असे एकच प्रवासकार्ड सुरू झाले, पण कार्ड एक झाले म्हणून बस रेल्वेसाठी थांबत नाही. तिकीट आणि वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते वेळापत्रक जास्त महत्त्वाचे, कारण त्याला पैसे कमी लागतात. लागते ते एकमेकांशी बोलणे.

आता रोपवेकडे येतो, कारण काशीत सगळे त्याबद्दल बोलतात. कॅंट स्टेशन ते गोदौलिया हा सुमारे पावणेचार किलोमीटरचा रोपवे. त्याची पायाभरणी 24 मार्च 2023 रोजी झाली. डोंगरावर देवीला जाणारे रोपवे आपण पाहिले आहेत. हा मात्र बससारखा रोजच्या प्रवासासाठी, भर शहराच्या डोक्यावरून जाणारा आहे. बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात असे रोपवे 2014 पासून चालतात. काशीला तो का सुचला हे गोदौलियाला उभे राहिले की कळते. रस्ता रुंद करायचा तर दोन्ही बाजूंची दुकाने आणि देवळे पाडावी लागतील. रोपवेला फक्त खांबांपुरती जागा लागते.

योजनेप्रमाणे एका दिशेने तासाला 3000 माणसे जाऊ शकतील. एका पाळण्यात 10 माणसे. म्हणजे तासाला 300 पाळणे, दर बारा सेकंदांनी एक. थांबणे जवळजवळ शून्य! हे मला फार आवडले. पण दुसरी बाजूही आहे. नव्या पद्धतीच्या एका शयनयान डब्यात 80 जागा असतात. अशा दहा डब्यांची गाडी आली की 800 माणसे उतरतात. दोन गाड्या पाठोपाठ आल्या तर 1600. ती सगळीच रोपवेकडे वळली तर शेवटच्या माणसाचा नंबर अर्ध्या तासाने येईल. देवदिवाळीला काय होईल याचा हिशोब मी केला नाही, करवतही नाही. म्हणून रोपवे एकटा पुरणार नाही. त्याच्या जोडीला बस हवी आणि नाव हवी. शिवाय गोदौलियाला उतरल्यावर ब्रह्मघाट गल्ल्यांतून आणखी दीड-दोन किलोमीटर राहतोच.

या सगळ्याचा पैशाशी काय संबंध, असे मला वर्गातल्या एका मित्राने विचारले. त्याला मी मामाआजोबांकडे भेटलेल्या विणकराची गोष्ट सांगितली. ते लोहत्याला राहतात. शहराच्या पश्चिमेला असलेले हे विणकरांचे गाव. तयार साडी चौकातल्या व्यापाऱ्याकडे पोचवायला ते येतात तेव्हा दोनदा रिक्षा बदलतात आणि मग चालतात. त्यांना मजुरी साडीवर मिळते, दिवसावर नाही. म्हणजे येण्याजाण्यात गेलेला अर्धा दिवस माग बंद, आणि बंद मागाचे कोणी पैसे देत नाही. ते म्हणाले, "किराया उतना नहीं चुभता, आधा दिन चुभता है।" शिवाय फेरी महाग पडते म्हणून ते ठरलेल्या एकाच व्यापाऱ्याकडे जातात. दुसरा जास्त भाव देईल का हे बघायला वेळच उरत नाही. मला वाटते, वाहतुकीने आर्थिक वाढ होते ती अशी. पाऊण तासात किती बाजार, किती कामाच्या जागा, किती शाळा आणि दवाखाने गाठता येतात, ती संख्या वाढली की माणसाला निवड करता येते. बनारसी साडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन साडीला चौकापर्यंत नेऊन देत नाही.

रिक्षावाल्यांचा प्रश्नही आहे. आम्हांला नेणाऱ्याला मी रोपवेबद्दल विचारले तेव्हा तो नुसता हसला आणि वर बोट दाखवून म्हणाला, "ऊपर वाला जाने।" देव म्हणायचा होता की पाळणा, कळले नाही. पण मोठी साधने आली की रिक्षा संपतातच असे नाही. लांबच्या फेऱ्या जातील, स्टेशनपासून मोहल्ल्यापर्यंतच्या छोट्या फेऱ्या वाढतील. आराखड्यात त्यांच्यासाठी थांबण्याची जागा आधीच आखली तर. नंतर आखायला तिथे जागा उरत नाही.

माझ्या आराखड्यात मी मुख्य जोड कॅंटला न धरता काशी स्टेशनला धरली. नकाशा पाहा. काशी स्टेशन राजघाटाला, मालवीय पुलाच्या तोंडाशी आहे. 1887 मध्ये सुरू झालेला हा पूल दुमजली आहे. खाली रेल्वे, वर रस्ता. तिथेच चार रेल्वेमार्ग आणि सहा पदरी रस्ता असलेल्या नव्या पुलाला केंद्र सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी दिली. आणि स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर नमो घाट आहे. म्हणजे रेल्वे, रस्ता आणि नदी एकमेकांना जिथे भिडतात अशी शहरातली जागा हीच. इथून नावा ठरलेल्या वेळी अस्सीपर्यंत सुटल्या, तर ज्या जुन्या शहरात चाक शिरत नाही त्याला समोरून, पाण्याकडून शिरता येईल. कोचीत एप्रिल 2023 पासून वॉटर मेट्रो चालते. तिथे धक्का तरंगता असतो, त्यामुळे पाणी वरखाली झाले तरी बोटीत पाऊल सपाट पडते.

येताना आम्ही हे करूनही पाहिले. ब्रह्मघाटावरून नावेने नमो घाट, तिथून रिक्षाने कॅंट. एकूण पंचावन्न मिनिटे लागली आणि नावेत आजी आरामात बसून घाटांची नावे सांगत होती. मी वहीत लिहिले, वीस मिनिटांची बचत.

सरांनी वही परत दिली तेव्हा समासात लाल शाईने दोन प्रश्न होते. पहिला: "पुराच्या दिवसांत नावा बंद असतात. तेव्हा काय?" दुसरा: "घाटाच्या पायऱ्या मोजल्या का?"

पहिल्याचे उत्तर मी लिहिले आहे. पावसाळ्यात नदीची फेरी बंद ठेवून त्याच क्रमांकाची छोटी बस राजघाट ते मैदागिन चालवायची आणि बंदीच्या भागात वृद्धांसाठी हळू चालणाऱ्या बॅटरी गाड्यांना परवानगी द्यायची. वर्षभर एकच साधन चालेल असा आराखडा गंगेकाठी करता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोरे आहे. पायऱ्या मोजल्या नव्हत्या. मी बॅग घेऊन आधी खाली उतरलो होतो आणि घड्याळ नाव सुटल्यावर लावले होते. आजी मागून मामाआजोबांचा हात धरून एकेक पायरी उतरत होती. आजीला पत्र लिहून विचारले आहे, उतरायला किती वेळ लागला आठवते का. मामाआजोबांना पायऱ्या मोजून कळवायला सांगितले आहे.