परदेशी निघालात? अँटिबायोटिकची पिशवी इथेच ठेवून जा

व्हिसा हातात पडला की तरुण आईबाप दवाखान्यात येतात. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, सोबत काळजीत पडलेले आजी-आजोबा. मागणी ठरलेली असते. "डॉक्टर, तापाला, घशाला, जुलाबाला एकेक चांगलं अँटिबायोटिक लिहून द्या. सहा महिन्यांचा साठा घेऊन जातो. तिकडचे डॉक्टर काही देतच नाहीत. पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा, एवढंच म्हणतात."

हा समज मी रोज ऐकते आणि रोज खोडून काढते. तिकडचे डॉक्टर गरज असली की अँटिबायोटिक देतात, साध्या सर्दी-तापाला देत नाहीत. ते बरोबरच करतात. लहान मुलांचे बहुतेक सर्दी-खोकले विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. नेदरलँड्समध्ये अँटिबायोटिकचा वापर युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांइतका आहे. तिथली मुलं त्यामुळे आजारी राहत नाहीत.

गेल्यावर पहिल्या वर्षी मूल वरचेवर आजारी पडेल, हे आधीच मनाशी धरा. इथे ते आजीजवळ घरात होतं, तिथे ते थेट डे-केअरमध्ये जातं. अशा वयात वर्षाला सहा-आठ सर्दी-ताप होतातच, पाळणाघराच्या पहिल्या वर्षी दहा-बाराही होतात. ताप तीन-चार दिवस राहतो, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. "तिकडची हवा मानवत नाही" म्हणून घाबरू नका. मूल मध्ये मध्ये खेळतंय, पाणी पितंय, नेहमीसारखी शू करतंय, तर वाट बघणं हाच उपचार आहे.

माझ्याकडे येणारं पुण्यातलं एक कुटुंब नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला गेलं. तिथे लेकीला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि ताप उतरला नाही तर परत या म्हणून सांगितलं. घरी आल्यावर आईवडिलांनी पुण्याहून नेलेलं अँटिबायोटिक सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला, औषध थांबवलं, आणि ताप पुन्हा चढला. आता डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. कल्चरमध्ये जंतू वाढलेच नाहीत, कारण अर्धवट औषधाने ते दबले होते. आपण औषध दिलंय हे सांगायला आईवडील कचरले. मूत्रमार्गाच्या संसर्गाचं निदान त्यामुळे लांबलं. शेवटी आईने मला फोन केला, मी तिला सगळं उघड सांगायला लावलं, मग तपासण्या पुन्हा झाल्या आणि मुलगी बरी झाली. मूत्रमार्गाचा संसर्ग दडून राहिला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. म्हणून एक नियम पाळा. मुलाला घरचं, भारतातलं, शेजाऱ्याने दिलेलं, कुठलंही औषध दिलं असेल तर समोरच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे.

साधं पॅरासिटामॉलही डोळे मिटून देऊ नका. इथल्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. इथल्या साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, तर अमेरिकेतल्या मुलांच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १६०. सिरपच्या मापाने थेंब दिले तर डोस चौपट होतो आणि यकृताला धोका पोहोचतो. एका वेळी वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, एवढं लक्षात ठेवा आणि प्रत्येक वेळी लेबल वाचा. निमेसुलाइड हे तापाचं औषध तर बॅगेत घालूच नका. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते भारतातही २०११ पासून बंद आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध पूर्वपरवानगीशिवाय दुबईला नेलं तर विमानतळावरच अडकाल.

व्हॉट्सॲपवरच्या "देशी मॉम्स" ग्रुपमध्ये फोटो टाकून पुरळाचं निदान करून घेणाऱ्या आयांना माझी कळकळीची विनंती आहे, हे थांबवा. बाळाच्या छातीला कापूर चोळू नका, तो अंगात भिनला तर झटके येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. सुरमा-काजळात शिसं असू शकतं, तेही डोळ्यांत घालू नका.

बॅगेत हवं ते लसीकरणाचं कार्ड, आणि तेच नेमकं राहून जातं. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची लस मिळते. अमेरिकेतल्या शाळा पहिल्या वाढदिवसानंतरचाच डोस मोजतात, आणि त्यात गालगुंडाचीही लस लागते. जर्मनीत २०२० पासून गोवराच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय किंडरगार्टनमध्ये प्रवेश नाही. कार्डावर ०५/०८ लिहिलं असेल तर अमेरिकेत ते ८ मे असं वाचतात; म्हणून महिना अक्षरांत लिहून घ्या. निघायच्या दीड-दोन महिने आधी या, राहिलेल्या लसी पूर्ण करू. लंडन-ॲमस्टरडॅमकडे हिवाळ्यात ऊन पुरत नाही, तेव्हा तिथे पोहोचल्यावर ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा.

वाट बघा म्हणते, पण कधी बघायची नाही हेही पाठ करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस ताप आला तर लगेच दवाखाना गाठा. मूल शांत असताना एका मिनिटाचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर थांबू नका. अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेच्या ग्लासने दाबूनही फिके होत नसतील, मान ताठ झाली असेल, झटका आला असेल, मूल हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर थेट ॲम्ब्युलन्स बोलवा. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११. आठ तास शू नाही, पाणीही पोटात टिकत नाही, किंवा ताप पाच दिवसांपुढे गेला, तर त्याच दिवशी दाखवा. फोनवर "माझ्या मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय" असं लक्षणच सांगा. नुसतं "ताप आहे" म्हणालात तर ते पॅरासिटामॉलच सांगणार.

तिथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा, मूल धडधाकट असताना. थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, लसीचं कार्ड, आणि ॲलर्जी किंवा जुना आजार असेल तर माझी चिठ्ठी, एवढंच सोबत न्या. दम्याची किंवा फिट्सची नेहमीची औषधं मात्र चिठ्ठीसह मूळ पाकिटात घ्या. आजी-आजोबांनो, नातवंडांसाठी लाडू पाठवा, चकल्या पाठवा. गोळ्यांची पाकिटं पाठवू नका. आणि आईबाबांनो, रात्री तीन वाजता मूल तापलं तर पुण्यातल्या डॉक्टरला व्हिडिओ कॉल करण्याआधी तिथल्या डॉक्टरांना फोन लावा. मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप तेच लावू शकतात.