प्रतिकृती करणाऱ्यांस

तैलरंगातील व्यक्तिचित्रणाची दीक्षा थोरांच्या कृतींची प्रतिकृती करूनच घ्यावी, हे मत मला आजही मान्य आहे. परंतु ती प्रतिकृती कशावरून करावयाची याचा विचार आधी न केल्यास पदरी काय पडते, ते हिंगोलीसारख्या, मूळ तैलचित्राचे दर्शनच दुर्घट असलेल्या गावी शिकणाऱ्यांनी माझ्यावरून जाणून घ्यावे.

आमच्या माजघरात राजा रविवर्म्याच्या एका चित्राची जुनी छापील प्रत होती, आणि तीच समोर ठेवून मी स्त्रीमुख रंगवावयास घेतले. असली प्रत म्हणजे रंगारंगाला निराळा दगड लावून छापलेला कागद. कपाळावरचा उजेड कोणत्या थरातून वर आला याचा पुरावा तीत उरत नाही, आणि वरचे वार्निश कालमानाने पिवळे पडले की गालाचा वर्णही लोपतो. (रेम्ब्रांचे ‘नाइट वॉच’ अशाच काळवंडलेल्या वार्निशामुळे रात्रीचे समजले गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर ते साफ केले, तेव्हा आतून दिवस निघाला!) माझी नायिका साहजिकच काविळीने पछाडल्यासारखी उतरली. कचेरीतील नक्कलनवीस दस्तऐवज हुबेहूब उतरवतो, म्हणून काही वकील होत नाही.

याहून मोठा घात तेलाने केला. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. म्हणून खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, कमी तेलाचा, आणि वरचा प्रत्येक थर त्याहून अधिक तेलकट, हा या विद्येतील अलिखित कायदा. छापील कागदावर थरच नसल्याने हा क्रम माझ्याकडून नेमका उलटा झाला. त्यातही तेल घाण्यावरचे, चीक न काढलेले. पुढच्या उन्हाळ्यात नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत बारीक भेगा पडल्या, आणि त्यांवर इलाज नाही.

स्वतः रविवर्म्यानेही त्रावणकोर दरबारी थिओडोर जेन्सन चित्र रंगवीत असता त्याचा हात पाहूनच हे माध्यम आत्मसात केले. तेव्हा हैदराबादेस सालारजंग संग्रहालयात, अथवा पंतप्रतिनिधींनी १९३८ साली औंध येथे उभारलेल्या संग्रहालयात (आपल्या औंढ्याशी गल्लत नको, हे साताऱ्याकडचे) मूळ चित्रांपुढे तिरक्या उजेडात उभे राहून, छायेतील रंग पातळ आणि प्रकाशातील रंग जाड कोठे लागला आहे, ते आधी टिपून घ्यावे. घरी आल्यावर प्रथम कच्च्या अंबर व पांढऱ्या रंगात केवळ छायाप्रकाश मांडावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मगच त्वचेचे रंग चढवावेत. संग्रहालयात बसून रेखाटन करावयाचे असल्यास व्यवस्थापकांच्या नावे रीतसर अर्ज आगाऊ धाडावा, आणि परवानगी हाती आल्यावाचून हिंगोली सोडू नये.