संख्याशास्त्राचा घरबसल्या अभ्यास आणि आपली रुग्णनोंदवही

तानसा, शहापूर, मुरबाड परिसरातील वैद्यांस अभ्यासवर्गासाठी मुंबईस जाणे म्हणजे दवाखाना बंद ठेवणे होय. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या २०१७ साली सुरू झालेल्या ऑनलाइन व्यासपीठावर संख्याशास्त्राचे विद्यापीठीय दर्जाचे प्राथमिक पाठ विनामूल्य ऐकता येतात. प्रमाणपत्रासाठी मात्र शुल्क व परीक्षा आहे. पाठातील उदाहरणे स्वतःच्या नोंदवहीतील आकडे घेऊन सोडवावीत, असे आम्ही सुचवू.

अम्लपित्ताच्या १० रुग्णांना एक कल्प दिला व ८ जणांस उपशय मिळाला, की आपण '८० टक्के गुण' म्हणून मोकळे होतो. परंतु ९५ टक्के विश्वासमर्यादा काढल्यास त्या सुमारे ४४ ते ९७ टक्के इतक्या विस्तृत निघतात. १०० पैकी ८० असता त्याच ७१ ते ८७ होतात. तेव्हा १० रुग्णांच्या भरवशावर औषधालयाच्या मालकांनी हंगामाचा साठा मागवू नये.

शिवाय, भातलावणीमुळे पाड्यावरून पुन्हा न आलेले रुग्ण या १० मध्ये धरले होते काय? त्यांना वगळल्यास गणित अचूक असूनही उत्तर फसवे ठरते, आणि सूत्र ही उणीव दाखवीत नाही. त्यासाठी नोंदवहीत 'पुन्हा आले नाहीत' असा स्वतंत्र रकाना आखावा व शक्य तेथे कारणही लिहावे.